हा फोटो कुणी मागितला?

उमापूरसारख्या गावात फोटो आधी मागितला जायचा आणि मग काढला जायचा. हौस आली म्हणून कुणी कॅमेऱ्यासमोर जाऊन उभं राहिलं, असं क्वचितच. दहावीच्या फॉर्मवर चिकटवायला शाळा फोटो मागायची, कर्जाच्या कागदाला सोसायटी मागायची, खातं उघडायला बँक मागायची, आणि घरातली पोर उपवर झाली की पाहुणे मागायचे. मागणारा बदलला की अंगावरचा कपडा बदलायचा. बँकेसाठी आहे त्या सदऱ्याची वरची गुंडी लावली की भागे. फॉर्मसाठी थोरल्या भावाचा शर्ट. पाहुण्यांसाठी मात्र चुलतीची साडी, मामीचे कानातले, शेजारणीनं लावून दिलेली पावडर आणि स्टुडिओतल्या आरशासमोर आईनं चार वेळा सारखा केलेला पदर.

उमापूर हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातलं गाव. पश्चिमेला शेवगाव तालुक्याची शीव, उत्तरेला गोदावरी आणि गोदावरीपलीकडं पैठणचा मुलूख. कापूस, बाजरी, तूर आणि पाणी असेल तिथं ऊस. दिवाळीच्या आगेमागे या सगळ्या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडं निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथं ‘एक कोयता’ म्हणतात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत त्या जोडीचं घर म्हणजे फडाशेजारची कोप. अशा मुलखात ‘फोटोशूटला जाताना काय घालावं, आत्मविश्वास कसा आणावा’ हा विषय शहरी चोचल्यांचा वाटेल. पण मुहूर्ताच्या दिवसांत गेवराईच्या बाजारात एक फेरी मारावी. बस्त्याच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते आणि फोटोवाल्याची तारीख मिळाल्याशिवाय साखरपुड्याची तारीख ठरत नाही. चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर पांढराशुभ्र शर्ट आणि काळा गॉगल घातलेले ‘भावी’ वाढदिवसाच्या शुभेच्छा स्वीकारत उभे असतात. नटून फोटो काढण्याची हौस इथं पुण्या-मुंबईपेक्षा कणभरही कमी नाही. फक्त ती उशिरा मोकळी झाली आणि मोकळी व्हायला तिला बरंच काही ओलांडावं लागलं.

कॅमेऱ्यासमोर माणूस ताठरतो. खांदे वर जातात, हातांचं काय करावं कळत नाही, ओठ आवळले जातात. यावर मोबाईलवर सल्ल्यांचा पाऊस पडतो: असे उभे राहा, तसे हसा, हा रंग घाला, तो टाळा. त्यातले काही सल्ले खरे आहेत, त्यांच्याकडं नंतर येतो. पण माझ्या मते या सगळ्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. तो फोटो कुणी मागितला आहे, आणि तो कुणाच्या नजरेसाठी निघणार आहे? कपडा अंगाला बसतो की टोचतो, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं.

हा सगळा भाग १९४८ पर्यंत मोगलाईत होता. पलीकडचं शेवगाव इंग्रजी मुलखात, अलीकडचं उमापूर निजामाच्या राज्यात. आणि पोशाख व फोटो यांच्या नात्यावर बोलायचं तर शेवटच्या दोन निजामांइतकी चांगली जोडी शोधून सापडणार नाही. सहावा निजाम महबूब अली खान एकदा घातलेला पोशाख पुन्हा घालत नसे, असं सांगतात. हैदराबादच्या पुरानी हवेलीत त्याच्या कपड्यांचं लांबच लांब दुमजली लाकडी कपाट आजही पाहायला मिळतं. त्याचा मुलगा उस्मान अली खान याच्या उलट. जुनी टोपी, विटकी शेरवानी, वर्षानुवर्षं तेच ते. हाच उस्मान अली खान २२ फेब्रुवारी १९३७ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून झळकला. त्याच्या कळकट टोपीच्या गोष्टी लोक कौतुकानं सांगत. त्याच्याच राज्यातल्या कुळाचं धोतर कळकट असलं, तर त्याची कुणी गोष्ट केली नाही. गबाळं राहण्याची मुभासुद्धा श्रीमंताला मिळते. गरिबाला तहसीलच्या पायरीवर उभं राहायलासुद्धा धुतलेला सदरा लागतो.

महबूब अलीच्या दरबारात राजा दीनदयाळ नावाचा फोटोग्राफर होता. मेरठजवळच्या सरधन्याचा, रुडकीला शिकलेला. इंदूरला नोकरी करता करता कॅमेऱ्याच्या नादी लागला आणि पुढं निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला. राजेरजवाडे, शिकारी, महाल, लष्करी कवायती असं त्याचं बहुतेक काम. पण १८९२ साली त्यानं हैदराबादेत काढलेला जनाना स्टुडिओ मला या सगळ्याहून मोलाचा वाटतो. पडदानशीन बायकांसाठीचा स्टुडिओ. भोवती उंच भिंती, आत काम करायला बायका आणि कारभार केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंच्या हाती. पुरुषाची नजर आत पोचणार नाही एवढी तजवीज. अर्थात तो अमीर-उमरावांच्या घरच्या बायकांसाठी होता, गोदाकाठच्या कुणबिणीला त्याची वार्ताही नसणार. तरी त्या धंदेवाईक माणसाला एक गोष्ट बरोबर कळली होती. बाईला कॅमेऱ्यासमोर मोकळं व्हायचं असेल, तर आधी तिला पाहणारे कोण, हे बदलावं लागतं. आज तालुक्याच्या ठिकाणी लग्नाच्या शूटला नवरीकडं एक मुलगी सहायक म्हणून पाठवणारे फोटोग्राफर आहेत. पदर नीट करायला, निऱ्या पसरायला, केस सावरायला. त्यांनी दीनदयाळचं नाव ऐकलेलं असेल-नसेल, अनुभवातून पोचले मात्र तिथंच.

सामान्य माणसाला फोटोचं वावडं होतं याची कारणं निराळी. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडं वळण्याआधी फोटोचा धंदा करत होते. गोधऱ्याला त्यांचा स्टुडिओ होता, मग बडोद्याला. फोटो काढला की अंगातली शक्ती कॅमेरा ओढून घेतो आणि आयुष्य घटतं, अशी तेव्हा लोकांची समजूत, आणि तिनं फाळक्यांचा धंदा बसवला. आपल्याकडं आजीच्या पिढीपर्यंत ही भीती तग धरून होती. तान्ह्या लेकराचा फोटो काढायचा नाही, नजर लागते. एकट्याचा काढायचा नाही, तिघांचा तर मुळीच नाही. जे काढत, ते एका ठरलेल्या साच्यात उभे राहत. पुरुष खुर्चीत, पाय जमिनीला टेकवून, हात गुडघ्यांवर. बाई त्याच्या उजव्या खांद्यामागं उभी, एक हात खुर्चीच्या पाठीवर. बाजूला तिपाईवर कागदी फुलांची फुलदाणी, मागं पडद्यावर रंगवलेला जिना किंवा तळं. कुणीही हसत नसे. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटांना काही सेकंद उजेड खावा लागे, तेवढा वेळ हसू टिकवणं अवघड, म्हणून चेहरा घट्ट. पुढं तंत्र सुधारलं, क्षणात फोटो निघू लागला, पण तो घट्टपणा सभ्यतेचं लक्षण म्हणून राहून गेला. फोटोत दात दिसले की माणूस हलका ठरे. बाईमाणूस तर विशेषच.

आता पाहुण्यांसाठीच्या फोटोकडं येतो, कारण गावातल्या कितीतरी बायकांचा आयुष्यातला पहिला नीट फोटो तोच. त्या फोटोत मुलीनं काय घालायचं हे मुलगी सोडून सगळ्यांनी ठरवलेलं असायचं. ड्रेस नको, साडीच. साडी फार भारी नको, पाहुणे म्हणतील हुंड्याची ऐपत आहे. फार हलकीही नको. चष्मा काढायचा. केस बांधलेले, पण एक वेणी पुढं, म्हणजे लांबी दिसेल. उंच असेल तर बसवून, बुटकी असेल तर उभी करून काढायचा. फोटोग्राफर म्हणायचा, ‘ताई, जरा हसा’, आणि मागून आई म्हणायची, ‘जास्त नको’. या दोन आज्ञांच्या मधे अडकलेलं ते हसू जुन्या अल्बममधून आजही ओळखू येतं. नकाराच्या घरी गेलेला फोटो परत मागवायला माणूस पाठवावा लागे, कारण तो कुणाच्याही हाती पडायला नको. सात-आठ घरं फिरून आलेल्या फोटोचे कोपरे दुमडलेले असत, आणि पोरीला ते दिसत.

आता फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि त्यासोबत ‘बायोडाटा’ जातो. त्यात जन्मवेळ, गोत्र, देवक, उंची, मामेकुळ आणि एक रकाना रंगाचा. गोरा, निमगोरा, गव्हाळ. ‘सावळा’ लिहायला हात धजावत नाही म्हणून तिथंही ‘गव्हाळ’च. फोटो सोबत असताना रंग लिहायचा कशाला, असा भाबडा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण फोटोवर कुणाचाच भरवसा नाही. स्टुडिओत फोटो गोरा करून देणं हे इतकं रुळलंय की त्यासाठी सांगावं लागत नाही. कपाशी वेचून, खुरपून, दुपारच्या उन्हात पाणी धरून जो रंग अंगावर चढतो, तो माऊसच्या दोन-चार टिचक्यांत उतरतो. चेहरा उजळतो, मान तशीच राहते, हात तर कुणी बघतच नाही. मग साखरपुड्याला प्रत्यक्षात भेटलेली मुलगी आणि फोटोतली मुलगी यांत जो फरक पडतो, त्याचा दोष मुलीवर.

यात यंत्राचाही वाटा आहे. रंगीत फिल्म आली तेव्हा तिचे रंग पारखायला कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुन्याचा फोटो पाठवायची. त्यात एक गोरी अमेरिकन बाई असे. तिच्या नावावरून त्या कार्डाला ‘शर्ली कार्ड’च म्हणत. तिची कातडी नीट दिसली की यंत्र बरोबर. काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर चिखलासारखे येत, तपशील हरवत. फिल्म पुढं सुधारली, आणि त्यामागचं एक कारण असं सांगतात की चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी आपल्या मालाच्या छटा नीट येत नाहीत म्हणून तक्रारी केल्या. माणसांच्या तक्रारींना तेवढं वजन नव्हतं. आपल्याकडं ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आली आणि २०२० साली नावातलं ‘फेअर’ गेलं. ट्यूब तीच राहिली, आणि फोनमधला ‘ब्यूटी’ नावाचा पर्याय तर न विचारताच चालू असतो. माझं स्पष्ट मत आहे की शूटला जाताना नव्या साडीवर खर्च करण्याआधी फोटोवाल्याला एकच वाक्य सांगावं: दादा, रंग बदलू नका. सावळ्या चेहऱ्याला उजेड नीट दिला की तो जितका देखणा येतो तितका पांढरा फासलेला चेहरा येत नाही. त्यासाठी फोटोवाल्याला कष्ट मात्र जास्त पडतात.

कपडा आणि ताठ मान यांचं नातं महाराष्ट्राला नवं नाही. १० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत, जपानची केई ओकामी, सिरियाची सबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई जोशी. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई तेव्हा वीस वर्षांच्या. हा फोटो कुणी मागितला? पाहुण्या पोरींचं नवल वाटणाऱ्या अमेरिकनांनी, हे उघड आहे. त्यांना विविध देशांचे पोशाख हवे होते. पण आनंदीबाईंच्या अंगावरची साडी त्या दिवसापुरती काढलेली नव्हती. निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूर (सेरामपूर) कॉलेजात भरसभेत त्यांनी सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून परत येईन, माझा पोशाख आणि माझ्या चालीरीती बदलणार नाही. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्या शब्दाची किंमत काय असते ते त्यांच्या तब्येतीनं मोजलं. मार्च १८८६ मध्ये पदवी, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात मृत्यू. त्या फोटोत बघणाऱ्याची अपेक्षा एक आहे आणि बसलेल्या बाईचं कारण दुसरं. कॅमेऱ्याकडं त्या ज्या थंडपणे बघतात, त्यात आर्जव कुठंच नाही.

दुसरं उदाहरण फोटोचं नाही, पण त्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. डिसेंबर १९२७, महाड. मनुस्मृती जाळली गेली आणि त्याच परिषदेत बाबासाहेब आंबेडकर बायकांशी वेगळं बोलले. लुगडं नेसण्याची पद्धत, अंगावर भाराभर घातलेले हलक्या धातूचे दागिने, यांवरून तुमची जात लांबून ओळखू येते, तर ती ओळख टाकून द्या, असा त्या बोलण्याचा रोख होता. कपडा जुना असला तरी स्वच्छ असावा, लुगडं पायघोळ नेसा. बायकांनी ते लगोलग मनावर घेतलं, नेसण्याची तऱ्हा बदलली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात या चळवळीतल्या बायकांच्या आठवणी आहेत. गुडघ्याखाली किती बोटं लुगडं असावं हे ज्यांच्यासाठी गाव ठरवत होतं, त्यांनी ते स्वतः ठरवलं. कपड्यानं आत्मविश्वास येतो का, या प्रश्नाचं इतकं रोखठोक उत्तर दुसरीकडं कुठं मिळणार?

बाबासाहेबांच्या स्वतःच्या फोटोंकडं बघा. सूट, टाय, खिशाला पेन. मराठवाड्यातल्या वाडीवस्तीवरच्या भिंतींवर तो फोटो आहे, आणि सुटाचा निळा रंग त्याला छापणाऱ्यांनी आणि लोकांनी मिळून दिला आहे. देशाचे दुसरे पुढारी कमी कपड्यांत हिंडत होते तेव्हा हा माणूस कडक इस्त्रीच्या कोटात का, असं विचारणारे तेव्हाही होते. उत्तर उस्मान अली खानाच्या टोपीपाशी सापडतं. ज्याच्याकडं गमवायला पत आहे त्यानं उघडं फिरावं. ज्याला पतच नाकारली गेली, त्यानं ती अंगावर घालूनच फोटोत यायला हवं. आजही १४ एप्रिलला या भागात पांढरेशुभ्र कपडे घालून लेकरंबाळं घेऊन घरोघरची माणसं मिरवणुकीला निघतात आणि आधी फोटो काढतात. तो फोटो कुणीही मागितलेला नसतो.

सरकारनं मागितलेल्या फोटोंची गोष्ट थोडक्यात. १९९३ पासून टी. एन. शेषन यांच्या काळात मतदारांना फोटो असलेलं ओळखपत्र मिळू लागलं. शाळेच्या व्हरांड्यात रांग, भिंतीवर पांढरी चादर, खुर्चीत बसायचं, वर बघायचं, उठायचं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, आणि मग साऱ्या देशानं त्या छोट्या कॅमेऱ्यात डोळे वटारून पाहिलं. आधारवरचा फोटो कुणालाच आवडत नाही, यावर भारतात एकमत आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंड्यांच्या नावानं महामंडळ झालं, त्याचंही ओळखपत्र आहे, त्यालाही फोटो. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोन्ही कान दिसतील असा चेहरा लागतो. कान दिसणं ही सरकारी सौंदर्याची पहिली अट म्हणायला हरकत नाही. या फोटोंत माणूस असतो, पण त्याचं काही चालत नाही.

हे सगळं उलटलं ते सप्टेंबर २०१६ नंतर, जिओ आलं आणि स्वस्त फोनमध्ये दोन्ही बाजूंना कॅमेरे आले तेव्हा. आता न मागितलेल्या फोटोंचा महापूर आहे. पोळ्याला बैलासोबत, पाडव्याला ओवाळताना, नव्या ट्रॅक्टरच्या बॉनेटला हात लावून, पोलिस भरतीत नाव आल्यावर गुलालानं माखून. त्या भरतीवाल्या पोरांचे फोटो मला सर्वांत आवडतात. चार वर्षं पहाटे डांबरी रस्त्यावर पळून त्यांची कंबर आणि खांदे असे झालेले असतात की साध्या बनियनमध्येही ती मुलं उठून दिसतात. आणि फ्लेक्सवर मात्र त्यांना कुणीतरी भाड्याचा कोट चढवतो, तोही संगणकावर, मानेपासून दोन बोटं बाजूला सरकलेला.

इथं कपड्याचा खरा घोळ सुरू होतो. प्री-वेडिंगसाठी भाड्यानं आणलेला जमिनीवर लोळणारा गाऊन, जो घालून मुलीला दोन पावलं चालता येत नाही. नवरदेवाची शेरवानी, जिच्या कॉलरनं मान वळत नाही. कधी न घातलेला उंच टाचांचा बूट आणि खाली नांगरलेलं रान. मग फोटोवाला ‘नॅचरल या, नॅचरल’ म्हणत राहतो. काही समाजसंघटनांनी प्री-वेडिंग नकोच असे ठराव केले आहेत. त्यामागं खर्चाची काळजी थोडी आणि लग्नाआधी पोरगी हसत फिरते याचा राग जास्त, असा माझा संशय. मला त्या शूटमध्ये गैर काही दिसत नाही. पाहण्याच्या फोटोत मान खाली घालून बसलेल्या मुलीची लेक, ठरलेल्या नवऱ्यासोबत मान वर करून चालते आहे, तर चालू द्या. फक्त जे आयुष्यात घालणार नाही ते त्या दिवशी घालू नये.

पैठण इथून लांब नाही. अस्सल हातमागाची पैठणी घरात असेल तर तिच्याइतकं कॅमेऱ्याला मानवणारं वस्त्र नाही. उजेड तिच्या जरीवर आणि धूपछाव रंगावर स्वतःच खेळतो. पण कडक उन्हात ती जर आरशागत चकाकते आणि चेहऱ्याकडं लक्षच जात नाही. बीडचं ऊन कॅमेऱ्याला वैरी आहे. दुपारी ते सरळ डोक्यावरून पडतं, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या, नाकाखाली काळं, आणि पांढरा शर्ट नुसता कागदासारखा सपाट. जाणते फोटोवाले सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर बोलावतात, किंवा लिंबाच्या दाट सावलीत उभं करतात. बारीक चौकड्यांच्या शर्टावर डिजिटल कॅमेऱ्यात लाटा उठल्यासारख्या दिसतात, म्हणून साधा एकरंगी शर्ट बरा. ब्लाऊज नवा शिवला असेल तर आदल्या दिवशी घालून हात वर करून बघावा. काखेत ओढ बसत असेल तर फोटोतही ती दिसते. फेटा बांधणाऱ्यानं फेटा भुवयांवर आणू नये. खिशातला मोबाईल, किल्ल्या, पाकीट काढून ठेवावं, मांडीवरचा तो फुगवटा कुठल्याही शेरवानीत लपत नाही. आणि इरकलीत वावरलेल्या बाईला त्या दिवशी शिफॉन नेसवू नये, ती सगळा वेळ पदर धरण्यात घालवेल.

‘चांगलं घातलं की चांगलं वाटतं’ याला शास्त्राचा आधार शोधणारेही आहेत. २०१२ मध्ये अ‍ॅडम आणि गॅलिन्स्की या दोन संशोधकांनी असं मांडलं की डॉक्टरचा म्हणून पांढरा कोट अंगात घातला की माणसाचं लक्ष अधिक एकाग्र होतं. जगभर त्याचा बोलबाला झाला. २०१९ मध्ये दुसऱ्यांनी जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग केला, तेव्हा फरक सापडला नाही. तेव्हा कोट घातला की काम झालं, असं नाही. याहून उपयोगाचे दोन निष्कर्ष आहेत. १९७७ सालच्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा सरळ फोटो आणि आरशातल्यासारखा उलटा फोटो असे दोन दाखवले. बहुतेकांना स्वतःचा उलटा आवडला आणि त्यांच्या जवळच्यांना सरळ. आपण आपल्याला जन्मभर आरशातच पाहिलेलं असतं, म्हणून फोटोतला चेहरा परका वाटतो. तो वाईट असतो असं नाही. दुसरा निष्कर्ष २०१८ चा. हातभर अंतरावरूनसुद्धा नव्हे, फूटभर अंतरावरून घेतलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून घेतलेल्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं. आपल्या नाकाला नावं ठेवणाऱ्या पोरींनी फोन दुसरीच्या हाती द्यावा आणि तिला चार पावलं मागं जायला सांगावं. नाकाचा प्रश्न तिथंच मिटतो.

मराठीत चेहरा टिपणारा मोठा माणूस म्हणजे गौतम राजाध्यक्ष. रसायनशास्त्र शिकलेले, जाहिरात क्षेत्रात नोकरी केलेले, पुढं पूर्णवेळ फोटोग्राफीत आलेले, ‘चंदेरी’ पाक्षिकाचे संपादक. १९९७ साली त्यांचं ‘फेसेस’ आलं. दुर्गा खोट्यांपासूनच्या नटनट्यांचे ते चेहरे आणि त्यांच्यावरचं त्यांचंच लेखन. २०११ मध्ये ते गेले. त्यांच्या फोटोंतली माणसं तुमच्याशी मधेच बोलणं थांबवून बघत असल्यासारखी वाटतात. ज्यांना जगानं हजारदा पाहिलंय अशा माणसांचाही आरामातला चेहरा मिळवायचा, तर कॅमेऱ्याआधी बोलणं लागतं. गेवराईच्या फोटोवाल्याला एका मुहूर्तावर चार लग्नं असतात, त्याला बोलायला वेळ कुठला? तरी त्यांतले चांगले नवरीला पाच मिनिटं कॅमेरा खाली ठेवून काहीतरी विचारतात. कुठपर्यंत शिकलीस, गाव कुठलं, भाऊ काय करतो. तेवढ्यानं खांदे उतरतात.

या धंद्यातलं सर्वांत अवघड काम मात्र लग्नाचं नसतं. घरातलं म्हातारं माणूस जातं आणि दहाव्याच्या आधी पोरगा आधार कार्ड घेऊन स्टुडिओत येतो. दुसरा फोटोच नाही. नाहीतर कुणाच्या लग्नातल्या घोळक्यात मागं अर्धी दिसणारी आई. तो वटारलेल्या डोळ्यांचा बोटभर चेहरा मोठा करायचा, डोक्यावर पदर रंगवायचा, अंगावर कधी नसलेली जरीची साडी चढवायची. बापाला जन्मात न घातलेला कोट. भिंतीवर हार घालायला जो माणूस लागतो तो असा जुळवून तयार होतो, आणि नातवंडं विचारतात, आजा साहेब होता का?

म्हणून या दिवाळीला लेकी माहेरी आल्या की एक काम उरकून घ्यायला हरकत नाही. आज्जीला बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून द्यावी, दिवस कलताना. तिनं काय नेसावं ते तिला विचारावं आणि मग मधे बोलू नये. ‘माझा कामून काढतो रं, मी काय नवरी हाय का’ असं ती म्हणेल. मग आत जाऊन पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसून येईल, कपाळाला मोठं कुंकू किंवा बुक्का लावेल, डोरलं बाहेर काढेल, नाहीतर माळ पुढं घेईल. चष्मा घालावा की काढावा यावर सुनांमध्ये वाद होतील, त्यात पडू नये. फोटो काढल्यावर फोन तिच्या हाती द्यावा. ती तो लांब धरून डोळे बारीक करून बघेल, सगळे कौतुक करतील, आणि ती फोन परत देत म्हणेल, ‘ह्यात माजा पदर वाकडा आला. दुसरा काढ.’